त्या शनिवारी समुद्रावर

१५ मार्च

दादा,

तुझे फोन मी मुद्दाम घेत नाहीये. पुन्हा पुन्हा करू नकोस, वर्गात बॅग थरथरते आणि सगळे माझ्याकडे बघतात. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते, लहानपणापासून हे असंच चालत आलंय. मी तोंड उघडलं की तुझं सुरू, 'ऐक, आधी माझं ऐक.' पत्राला तसं म्हणता येत नाही. म्हणून पत्र. घरी पाठवलं तर वहिनी आधी फोडेल, म्हणून दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय. फरशांच्या नमुन्यांमागे बसून वाच. गिऱ्हाईक आलं तर थांबू दे जरा.

गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा मी तोंडी परीक्षा देऊन जिन्यातच होते. तू आधी विचारलंस, 'कशी झाली?' मी म्हटलं, 'मस्त झाली! बाबांना दे ना, त्यांना सांगायचंय.' तू म्हणालास, 'चिंगे, बाबा गेले.'

मला वाटलं, फिरायला गेले. मी म्हटलं, 'मग आले की सांग त्यांना.'

तू काहीच बोलला नाहीस. तेव्हा मला कळलं. तुझ्या शब्दांवरून नाही, तू गप्प बसलास त्यावरून. तू कधी गप्प बसतोस?

मी विचारलं, 'कधी?' तू म्हणालास, 'मागच्या शुक्रवारी.' आणि मग लगेच तुझं ते सुरू झालं. परीक्षा होती, शिष्यवृत्ती गेली असती, येऊन जाऊन तुला त्रासच झाला असता, आम्ही सगळं नीट केलं, तू काळजी करू नकोस. मला फक्त 'मागच्या शुक्रवारी' ऐकू आलं.

दादा, मागच्या शुक्रवारी मी बॅग भरत होते. शनिवारी-रविवारी मी मित्रमैत्रिणींबरोबर समुद्रावर होते. आणि सोमवारी तू मला स्वतःहून फोन केला होतास. आठवतंय? मी म्हटलं, 'बाबांना दे.' तू म्हणालास, 'झोपलेत.' मी विचारलं, 'त्यांच्या कानातल्या यंत्राची बॅटरी बदललीस का?' तू म्हणालास, 'हो, बदलली कालच.'

कसं जमलं रे तुला? काल बदलली. नुसतं 'हो' म्हटलं असतंस तरी भागलं असतं.

मला एवढंच कळव. बाबांना झटका आला तेव्हा ते यंत्र त्यांच्या कानात होतं का? छापखान्यात जन्म काढून कान गेले होते त्यांचे, यंत्र नसलं तर त्यांना काही कळायचं नाही. तुम्ही सगळे त्यांच्याभोवती ओरडत असणार. त्यांना काही ऐकू गेलं का, एवढंच मला हवंय. बाकी कसली कारणं लिहू नकोस.

चिंगी


२९ मार्च

दादा,

तुझं उत्तर अजून आलं नाही. पण थांबण्यात अर्थ नाही, कारण मध्यंतरी मला आणखी एक गोष्ट कळली आणि ती तू मला आपणहून कधीच सांगितली नसतीस.

माझी रूममेट. आपल्याच बोलीची, मी कानांचं शिकते तशी ती दातांचं शिकते, सगळ्यांना खायला घालते आणि सगळ्यांना रागावते म्हणून आम्ही तिला मावशी म्हणतो. तिचा नंबर मीच तुला दिला होता. अडीनडीला असावा म्हणून.

त्या गुरुवारी मी खोलीवर आले. किल्ली फिरवायच्या आत तिने दार उघडलं आणि मला मिठी मारली. म्हणाली, 'रड गं, रड.' मी तिच्या खांद्यावर रडले. बरंच रडले. दोन दिवसांनी कपडे वाळत घालताना माझ्या डोक्यात आलं, मी तर तोपर्यंत एक शब्दही बोलले नव्हते. हिला कसं कळलं?

मी विचारलं. ती आधी म्हणाली, 'तुझा चेहराच सांगत होता.' मी म्हटलं, 'मावशे, मी अजून दार उघडलं नव्हतं.' मग ती पलंगावर बसली. तुझा फोन तिला शुक्रवारी दुपारीच आला होता.

'तुझा भाऊ रडत होता गं,' ती म्हणाली. 'म्हणाला, गुरुवारपर्यंत सांभाळा तिला. फोनपासून लांब ठेवा, कुणी नातेवाईक काहीतरी बोलून जाईल. मी काय करणार होते? परक्याचं घर, त्यांचा निर्णय.'

म्हणजे तो समुद्र तू ठरवलास, दादा. तुला माहीत नसेल, पण ठरवलास तूच. आता तो कसा झाला तेही वाच.

शुक्रवारपर्यंत आमचं कुठेही जायचं ठरलं नव्हतं. मावशीला दवाखान्यात काम होतं, मला परीक्षेचा अभ्यास. संध्याकाळी ही घरात आली ती घोषणा करतच, 'उठ, समुद्रावर चाललोय!' खाली गाडी उभी. गाडीत आमच्या वर्गातला एक उंच मुलगा, त्याला आम्ही उंट म्हणतो, आणि माझ्या प्रयोगशाळेतली जोडीदारीण, छोटी. मी म्हटलं, 'अगं, परीक्षा आहे.' छोटी म्हणाली, 'दोन दिवस नाही वाचलंस तर कान शिकायचे राहणार नाहीत.' मी हसले. त्यांच्यातलं कुणी हसलं का ते मला आठवत नाही. आता आठवायचा प्रयत्न केला की मला वाटतं, नाही हसले. पण आता मला सगळंच तसं वाटतं.

एक लाकडी घर घेतलं होतं, दोन खोल्यांचं. दारांना खारट ओल धरलेली, खिडकी लावली की पुन्हा आपोआप उघडायची. पोचल्या पोचल्या मावशीने बिस्किटांचा रिकामा डबा काढला. 'दोन दिवस कुणी फोन बघायचा नाही. सगळ्यांनी टाका इथे.' सगळ्यांनी टाकले. मीही टाकला. मला वाटलं, किती छान कल्पना आहे.

दादा, दोन दिवस मला कुणी एक कप विसळू दिला नाही. खिडकीजवळचा पलंग मला. अंडी आधी मला. गार वारा सुटला तर उंटाने स्वतःचं जाकीट काढून माझ्या अंगावर टाकलं. छोटीने माझ्या केसांची वेणी घातली, इकडे आल्यापासून माझ्या केसांना कुणाचा हात लागला नव्हता. तुला माहितेय मी इथे कशी राहते. म्हणजे नाही माहीत, मी कधी सांगितलं नाही. घरी फोनवर 'मजेत' म्हणायचं ठरलेलंच असतं. खरं सांगायचं तर वर्षभर मी एकटीच जेवत होते. मावशी खायला घालायची, पण तिच्या कामाच्या वेळा वेगळ्या. त्या दोन दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं, मी ह्यांना आवडते. ह्यांना मी हवी आहे.

मावशीने त्या दोघांना निघण्याआधीच सांगितलं होतं. ती दया होती. मला माहीत नव्हतं एवढंच.

शनिवारी उंटाने मला पाण्यावर तरंगायला शिकवलं. मला पोहता येत नाही, तूच मला विहिरीच्या काठावरून ढकलून घाबरवलं होतंस, तेव्हापासून नाही येत. तो म्हणाला, 'काही करू नकोस. पाठीवर पड. मी धरलंय.' त्याचा हात माझ्या पाठीखाली होता. पाणी इतकं गार की दात वाजत होते. मग कान पाण्याखाली गेले आणि सगळं बंद झालं. लाटा, माणसं, पक्षी, सगळं लांब, कापसात गुंडाळल्यासारखं. आणि दादा, मला एकदम वाटलं, बाबांना हे असं ऐकू येतं! चार वर्षं कान शिकतेय, कुणाला किती ऐकू येतं त्याचे तक्ते काढतेय, पण हे मला आत्ता कळलं. मी उभी राहिले, खोकत, हसत, आणि उंटाला सांगितलं, 'मला वडिलांना फोन करायचाय. आत्ताच्या आत्ता. त्यांना सांगायचंय की मला कळलं त्यांना कसं ऐकू येतं.'

त्याने माझ्याकडे बघितलं आणि समुद्राकडे तोंड फिरवलं.

मी ओल्या अंगाने घरात पळत गेले, मावशीला म्हटलं, 'डबा दे.' ती ओट्यापाशी बटाटे सोलत होती. म्हणाली, 'उद्या कर ना. नियम म्हणजे नियम.' तिचे डोळे लाल होते. मी विचारलं तर म्हणाली, वाळू गेली. मी तिच्या डोळ्यांत फुंकर मारली, दादा. मी तिची पापणी धरून फुंकर मारली.

तुम्ही तेव्हा बाबांना घेऊन निघाला होतात. मी दोन्हीकडची घड्याळं जुळवून बघितली. मावशी सांगते की तुम्ही आत्यासाठी एक दिवस थांबलात. आत्या बसने येणार होती, तिला उशीर होणार होता, म्हणून थांबलात. शुक्रवारी मला कळवलं असतंस तर मी विमानाने आत्याच्या मागोमाग पोचले असते. आत्यासाठी थांबता आलं.

छोटीने तिच्या कॅमेऱ्याने एक फोटो काढला होता. मी मधे, तोंड उघडं, केस ओले, तिघांनी मला उचललेलं. घरी आल्यावर तिने तो माझ्या नावासकट नेटवर टाकला. आपल्या मामेबहिणीने त्याला बदाम दिला होता आणि मग काढून घेतला. मला तेव्हा कळलं नाही, का काढला.

उंटाबद्दल मला काय वाटलं होतं ते तुला लिहायचं कारण नाही. आता वाटत नाही.

चिंगी


१९ एप्रिल

दादा,

तुझं पत्र मिळालं. दुकानाच्या बिलाच्या कागदांवर, पाठपोट. अक्षर अजून तसंच आहे, शेवटाकडे उतरत जाणारं.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, पास झाले. पहिल्या वर्गात. सर म्हणाले, तोंडी परीक्षेत इतकी शांत विद्यार्थिनी बऱ्याच दिवसांत पाहिली नाही. त्यांना म्हणावंसं वाटलं, शांत असणारच, माझ्या भावाने सगळी व्यवस्था केली होती. तेव्हा तुझं म्हणणं खरं निघालं. शिष्यवृत्ती राहिली. हा निकाल मी कुणाला सांगू, ते मात्र तू लिहिलं नाहीस.

तू लिहितोस, 'तुझ्यासाठीच केलं.' लिहितोस, 'एकट्याने सगळं निभावलं, कुणी पाठीवर हात ठेवला नाही.' वाचून मला वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. दवाखाना, कागद, लाकडं, येणारी-जाणारी माणसं, सगळं तुझ्या एकट्याच्या अंगावर पडलं असेल. पण दादा, पाठीवर हात ठेवणारं माणूस होतं ना एक. त्याला तू डब्यात घालून ठेवलंस.

मग तू लिहितोस, 'बाबांनीच सांगितलं होतं. म्हणाले, चिंगीला कळवू नका, तिची परीक्षा आहे.'

हे वाक्य मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. मनातल्या मनात तुझी माफी मागितली. बाबांचीच इच्छा असेल तर मी कोण बोलणारी? म्हणून मी वहिनीला फोन केला. तुझ्यावर संशय होता म्हणून नाही. मला ऐकायचं होतं, बाबा ते कसं म्हणाले. 'चिंगी' म्हणाले की लाडात येऊन म्हणायचे तसं 'ठमाकाकू' म्हणाले, आवाज कसा होता, हळू होता की नेहमीसारखा भिंतीपलीकडे जाणारा.

वहिनी गडबडली. म्हणाली, 'अहो वन्सं, ते कुठे काय बोलले? आंघोळीहून आले आणि पडलेच. यंत्र खिडकीत काढून ठेवलेलं होतं तसंच राहिलं.'

माझ्या पहिल्या पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं. तू चार पानं लिहिलीस आणि त्यात ते नव्हतं.

मेलेल्या माणसाच्या तोंडात वाक्य घालतोस? आणि ते सुद्धा बाबांच्या? ज्यांना साधं 'मीठ दे' म्हणायचं तरी आधी समोरच्याच्या डोळ्यांत बघायचे, त्यांच्या तोंडात?

आणखी एक. आई माझ्याशी बोलत नाही. मी घरी फोन केला की वहिनी म्हणते, आई झोपल्यात, आई बाहेर गेल्यात, आईंचं डोकं दुखतंय. पहिले काही दिवस मी समजून घेतलं. आता महिना उलटला. माझी आई दिवसभर झोपणारी बाई नाही. काय चाललंय तिकडे?

इकडचं विचारलंस म्हणून लिहिते. मावशी आणि मी अजून एकाच खोलीत आहोत, सत्र संपेपर्यंत दुसरी जागा मिळत नाही. फ्रिजमधला वरचा कप्पा तिचा, खालचा माझा. ती अजूनही दोघींपुरतं शिजवते आणि मी माझं वेगळं शिजवते. मग तिचं उरतं आणि माझं करपतं. उंट एकदा बाकावर शेजारी येऊन बसला. म्हणाला, 'आम्हाला वाटलं तुमच्याकडे घरचे लोकच ठरवतात.' मी म्हटलं, 'बरोबर वाटलं तुम्हाला.' परवा छोटी विचारत होती, पुन्हा समुद्रावर येतेस का. बिचारीला वाटतं, ती मला बरं करतेय.

चिंगी


१० मे

दादा,

आज आईशी बोलले.

समोरच्या नर्सबाईंच्या फोनवरून तिने लावला होता. तू दुकानात, वहिनी बाजारात. आई 'हॅलो' म्हणाली आणि मी रडायला लागले. ती रडली नाही. म्हणाली, 'जेवलीस?' मी म्हटलं, 'आई, तू माझ्याशी बोलत का नव्हतीस?'

ती म्हणाली, 'काय बोलायचं? तू स्वतःच म्हणालीस ना, आता येऊन काय उपयोग, बाबा तर गेलेच.'

मी म्हटलं, 'काय?'

'शुक्रवारी तुला कळवलं तेव्हा. दादाने बाहेर जाऊन फोन लावला. आत येऊन म्हणाला, ती येत नाही म्हणते. म्हणते, येऊन आता काय उपयोग, परीक्षा बुडेल. मी म्हटलं, पोरीला धक्का बसला असेल, बरळली असेल काहीतरी. मी वाट बघत होते, पुन्हा फोन करशील. मग तो फोटो आला. आत्यानेच सगळ्यांना दाखवला. म्हणाली, बापाची चिता अजून निवली नाही आणि लेक बघा. मी म्हटलं, जुना असेल. पण तुझ्या अंगात मीच पाठवलेला पिवळा कुर्ता होता, ह्याच फेब्रुवारीत पाठवलेला.'

दादा, मी काही बोलू शकले नाही. तू तिथे असतास तर म्हणाला असतास, बघ, शेवटी तुझं तोंड बंद झालं.

'नाही आई, मला माहीतच नव्हतं,' एवढं वाक्य होतं. जिभेवर होतं. पण मला एकदम दिसलं की हे वाक्य बोलले तर त्याच्या पुढचं वाक्य 'मग दादा खोटं बोलला' असं आहे. आणि आई तुझ्या घरात बसलीय, तुझ्या हातचं पाणी पितेय. मी इकडून फोनवर एवढा मोठा धोंडा टाकायचा आणि फोन ठेवून वर्गात जायचं? माझा धीर झाला नाही. मी नुसती श्वास घेत राहिले. मग नर्सबाईंना कामावर जायचं होतं, आईने फोन ठेवला.

तू मला कळवलं नाहीस हे मी कदाचित कधीतरी गिळलं असतं. माणूस घाबरतो, चुकतो, नंतर लाज वाटते. माझ्या मित्रमैत्रिणींना सामील केलंस, तेही. पण तू तिकडे बाहेर गेलास, फोन कानाला लावलास, आणि मी काय बोलले ते ठरवून आत आलास. 'येऊन आता काय उपयोग.' हे कुठून सुचलं तुला? माझ्या आवाजात म्हणून दाखवलंस की तुझ्या?

दोन महिने आई अशा मुलीची आई होती जी असं म्हणते. तू रोज तिच्यासमोर जेवायला बसलास.

जूनमध्ये सुट्टीला मी घरी येतेय. तिकीट काढलंय. त्याआधी तू आईला सगळं सांग. वहिनीसमोर नको, आत्यासमोर नको, एकट्या आईला. मी आल्यावर सांगितलं तर ते भांडण होईल. तू आपणहून सांगितलंस तर निदान ते तुझं राहील. यापेक्षा जास्त मी तुझ्यासाठी काही करू शकत नाही.

चिंगी


२८ जून

दादा,

तू मालाच्या खरेदीला बाहेरगावी गेलास. मी येण्याच्या आदल्या दिवशी, आणि मी जाईपर्यंत परत येणार नाहीस. वहिनी म्हणते, अचानक निघावं लागलं. फरशा कुठे पळून चालल्या होत्या का? असो. हे पत्र पोस्टात टाकणार नाही, तुझ्या गल्ल्याच्या खणात ठेवून जाते.

तू आईला सांगितलं नाहीस, हे मला दारातच कळलं. तिने मला जवळ घेतलं, पण पाहुण्याला घेतात तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी बाबांच्या खोलीत कपडे आवरत होतो. आईने शर्टांची चळत केली होती, द्यायचे वेगळे, ठेवायचे वेगळे. मी मनाची तयारी केली. म्हटलं, 'आई, मला तुला काहीतरी सांगायचंय. त्या शुक्रवारी...'

'नको सांगूस,' ती म्हणाली.

'अगं, ऐकून तरी घे.'

'मला माहितेय.'

मला वाटलं, तू सांगितलंस. त्या एका क्षणात मी तुला माफ केलं होतं, दादा, हे तुला कळायला हवं. मी म्हटलं, 'दादा बोलला?'

तिने मान हलवली. 'तो कशाला बोलेल? तू फोनवर गप्प बसलीस ना, तेव्हाच कळलं मला. तू खरंच तसं म्हणाली असतीस तर भांडली असतीस, कारणं दिली असतीस, माझ्यावर उलटली असतीस. तू गप्प बसलीस. तू कशी आहेस ते मला ठाऊक नाही का? नऊ महिने पोटात काय उगाच वागवलं?'

'मग त्याला विचारलं का नाहीस?'

शर्टाची कॉलर सरळ करत बसली ती. बरीच सरळ झाली तरी करत होती.

'विचारलं तर तो कबूल करेल,' आई म्हणाली. 'फार दिवस नाही टिकायचा तो, रडेल आणि कबूल करेल. आणि मग? मग मी काय करू? त्याच्याशी बोलणं टाकू? तुझ्याकडे येऊन राहू, त्या परक्या देशात? मला इथेच राहायचंय, चिंगे. त्याच्याच खांद्यावरून जायचंय.'

मी म्हटलं, 'आणि मी? मला सगळे काय समजतात, ते चालतं तुला?'

'तू लांब आहेस,' ती म्हणाली. 'तुला ऐकू येत नाही.'

मी पुढचा शर्ट उचलून घडी घातली.

मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली, न विचारता. म्हणाली, 'बाबा कायम तुझेच होते. तो दुकानातून दमून यायचा आणि हे त्याला विचारायचे, चिंगीचा फोन आला का? रोज. त्याने यंत्राला बॅटरी घालून द्यायची आणि ह्यांनी त्यात तुझा आवाज शोधायचा. तू आली असतीस तर सगळे तुझ्याच गळ्यात पडून रडले असते. शेवटचे तरी हे त्याला एकट्याला हवे होते.'

हे तुला ठाऊक होतं का, दादा? की तुलाही वाटत होतं, माझी परीक्षा आहे म्हणून? मला आधी राग आला की आईने तुझी बाजू घेतली. मग लक्षात आलं, ती बाजू घेत नव्हती. आपल्या दोघांना ती पुरतं ओळखते एवढंच, आणि ओळखून तिने त्यातल्या एकाला निवडलं. जो जवळ आहे त्याला. मीही तेच केलं असतं की काय, असं वाटून गेलं. पण ते तुला मी बोलून दाखवणार नाही. लिहिलं तेवढं पुरे.

काल आत्या आली होती. चहा पीत पीत म्हणाली, 'काय गं, आता वेळ मिळाला वाटतं? समुद्र आटला का तिकडचा?' वहिनी आत निघून गेली. तिला सगळं माहीत आहे, तिचा चेहरा भाजल्यासारखा झाला होता. मी आईकडे बघितलं. आई बशीतली बिस्किटं सारखी करत होती. मी वाट बघितली. म्हटलं, एक शब्द तरी. 'जाऊ द्या हो' एवढा तरी.

काही नाही.

मग मीच म्हटलं, 'हो आत्या. होते मी समुद्रावर.'

आत्याला वाटलं नव्हतं मी कबूल करेन. ती गोंधळली, चहा गार झालाय म्हणाली. आईने कप उचलला आणि गरम करायला आत नेला, आणि जाता जाता तिचा हात माझ्या डोक्यावरून गेला. दादा, तेवढंच मला मिळालं. तेवढ्यावर मी गप्प राहिले आणि यापुढेही राहीन. आत्यासमोर, मामेबहिणीसमोर, जो विचारेल त्याच्यासमोर. तू निश्चिंत राहा. लोकांच्या लेखी बाप गेला तेव्हा नाचणारी मुलगी मीच. तुझ्यासाठी नाही हे. आईला त्या घरात जेवण गोड लागावं म्हणून.

पण तुझ्या माझ्यात मी गप्प राहणार नाही, म्हणून हे पत्र. यानंतर लिहिणार नाही. तूही लिहू नकोस.

जाण्याआधी काही व्यवस्था करून जातेय, त्या तुला माहीत असाव्यात. समोरच्या नर्सबाईंकडे माझा नंबर दिलाय. आईच्या डॉक्टरांकडे दिलाय. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडेही दिलाय. तिघांनाही सांगितलंय की आईला साधा ताप आला तरी आधी मला फोन करायचा, घरच्यांना विचारत बसायचं नाही. डॉक्टर म्हणाले, 'तुमचे भाऊ आहेत ना?' मी म्हटलं, 'आहेत. ते फार हळवे आहेत.'

तू हल्ली बराच बाहेरगावी असतोस. उद्या आईला काही झालं आणि मला आधी कळलं, तर तू काळजी करू नकोस. त्याच क्षणी मी तुला कळवेन. तू सौद्यात असलास तरी, मित्रांबरोबर असलास तरी, हसत असलास तरी.

चिंगी